जांभई

जांभई ही माणसात आणि बहुसंख्य पृष्ठवंशी प्राण्यांत आढळणारी एक अनैच्छिक, ठरावीक साच्याची शारीरिक क्रिया आहे. जांभई देताना जबडा पूर्ण उघडतो, दीर्घ श्वास आत घेतला जातो, क्षणभर ताण टिकतो आणि नंतर श्वास त्यामानाने झपाट्याने सोडला जातो. माणसाची एक जांभई सरासरी सहा सेकंदांच्या आसपास चालते. झोप येण्यापूर्वी, झोपेतून उठल्यावर आणि कंटाळवाण्या प्रसंगी जांभया अधिक येतात. दुसऱ्याची जांभई पाहून, ऐकून किंवा जांभईविषयी केवळ वाचूनही ती येऊ शकते.

रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्यामुळे जांभई येते, असे स्पष्टीकरण शालेय पुस्तकांतून आणि बोलण्यातून दीर्घकाळ दिले गेले आहे. १९८७ मध्ये झालेल्या प्रयोगांत या समजुतीला आधार मिळाला नाही. जांभई मेंदूचे तापमान नियंत्रित करते, जागृतावस्था वाढवते किंवा समूहातील प्राण्यांमध्ये समन्वय साधते, अशा वेगवेगळ्या उपपत्ती त्यानंतर मांडल्या गेल्या. त्यांपैकी कोणतीही एक सर्वमान्य झालेली नाही.

नाव

मराठी ‘जांभई’ हा शब्द संस्कृत ‘जृम्भा’ या शब्दापासून आला आहे. ‘जृम्भ्’ या धातूला तोंड वासणे याबरोबरच पसरणे, उमलणे असेही अर्थ आहेत. त्यामुळे संस्कृत काव्यात फुलांच्या उमलण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. जांभईबरोबर हातपाय व पाठ ताणण्याच्या क्रियेला मराठीत ‘आळस देणे’ किंवा ‘आळोखेपिळोखे देणे’ म्हणतात. शरीरशास्त्रात या दोन क्रिया एकमेकींच्या जवळच्या मानल्या जातात. जांभईच्या अभ्यासाला ‘कॅस्मॉलॉजी’ असे नाव मिळाले असून या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१० साली पॅरिस येथे भरली होती.

क्रियेचे स्वरूप

जांभई म्हणजे केवळ खोल श्वास नव्हे. तिच्यात जबडा, जीभ, घसा, चेहरा, मान आणि छातीचे स्नायू ठरलेल्या क्रमाने काम करतात. स्वरयंत्र खाली सरकते, घशाची पोकळी नेहमीपेक्षा कितीतरी रुंद होते आणि डोळे बहुधा मिटतात. चेहऱ्याच्या स्नायूंचा अश्रुग्रंथींवर दाब पडल्याने डोळ्यांत पाणी येते. मध्यकर्णातील लहान स्नायू आकुंचन पावल्यामुळे जांभई देणाऱ्याला काही क्षण बाहेरचा आवाज दबल्यासारखा ऐकू येतो. मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी नलिकाही या वेळी उघडते. घाट चढताना किंवा विमान उतरत असताना कानाला बसलेले दडे एका जांभईने सुटतात, ते यामुळेच.

एकदा सुरू झालेली जांभई मध्येच थांबवणे अवघड असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८० च्या दशकात या क्रियेचे पद्धतशीर निरीक्षण केले. त्यांनी सुचवलेल्या दोन चाचण्या कोणालाही करून पाहता येतात. जांभई येत असताना नाक चिमटीत धरले, तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही. दात घट्ट आवळून धरले, तर मात्र नाक मोकळे असूनही जांभई अडकल्यासारखी होते आणि तिचे समाधान मिळत नाही. साध्या श्वासासाठी नाक किंवा तोंड यांपैकी कोणताही मार्ग पुरतो, पण जांभईला जबड्याची हालचाल अनिवार्य असते. श्वसन हा तिचा एक भाग आहे, तिचे सर्वस्व नाही.

कंटाळा आणि जांभई यांचा संबंधही प्रोव्हाइन यांनी तपासला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी अर्धा तास संगीताच्या चित्रफिती आणि अर्धा तास दूरदर्शन संचावरील रंगीत पट्ट्यांचे स्थिर चित्र दाखवले. स्थिर चित्र पाहताना जांभया अधिक आल्या. तथापि जांभई ही नेहमी कंटाळ्याचीच खूण नसते. विमानातून उडी मारण्यापूर्वी छत्रीधारी सैनिक आणि शर्यतीपूर्वी खेळाडू जांभया देताना दिसतात. बर्फावरील शर्यतींत ऑलिंपिक पदके मिळवणारे अमेरिकी स्केटिंगपटू अपोलो ओनो हे शर्यतीआधीच्या जांभयांसाठी प्रसिद्ध होते. वर्गात जांभई देणाऱ्या विद्यार्थ्याचे लक्ष नाही असा निष्कर्ष शिक्षक सर्रास काढतात; तो दरवेळी बरोबर असेलच असे नाही.

ऑक्सिजनची कल्पना

शरीरातील दूषित वायू बाहेर टाकण्यासाठी जांभई येते हा विचार प्राचीन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावरील ग्रंथात, ज्वर येण्यापूर्वी शरीरात साठलेली हवा जांभईवाटे बाहेर पडते असे मानले आहे. पुढे श्वसनातील वायूंचे कार्य कळल्यावर याच विचाराला आधुनिक रूप मिळाले. रक्तात ऑक्सिजन कमी व कार्बन डायऑक्साइड जास्त झाला, की तो समतोल साधण्यासाठी शरीर मोठा श्वास घेते, असे सांगितले जाऊ लागले. कोंदट खोलीत जांभया येतात हा सर्वांचा अनुभव असल्याने हे स्पष्टीकरण पटण्यासारखे होते आणि त्याची परीक्षा घेण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

ती परीक्षा प्रोव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतली. विद्यार्थ्यांना साधी हवा, शंभर टक्के ऑक्सिजन आणि ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेले मिश्रण अशा निरनिराळ्या वायूंमध्ये श्वास घ्यायला लावून त्यांच्या जांभया मोजण्यात आल्या. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हे मिश्रण किती तीव्र होते याची कल्पना येते. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वासाचा वेग अपेक्षेप्रमाणे वाढला, पण जांभयांची संख्या वाढली नाही. शुद्ध ऑक्सिजन दिल्याने ती कमीही झाली नाही. व्यायामाच्या स्वतंत्र प्रयोगातही श्वसन खूप वाढले, जांभयांवर मात्र परिणाम झाला नाही. श्वसनाचा वेग आणि जांभई यांचे नियंत्रण वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहे, असा निष्कर्ष यावरून निघाला.

गर्भावस्थेतील जांभई हा या कल्पनेविरुद्धचा दुसरा पुरावा होय. सोनोग्राफीत गर्भधारणेच्या सुमारे तिसऱ्या महिन्यापासून गर्भ जांभई देताना दिसतो. गर्भ हवेत श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन नाळेवाटे मिळतो. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १५ गर्भांच्या चित्रीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ तोंड उघडणे आणि जांभई यांत फरक करण्यात आला होता. तोंड उघडण्याची गती आणि बंद होण्याची गती यांवरून खरी जांभई ओळखता येते, असे त्यांना आढळले. २८ व्या आठवड्यानंतर गर्भाच्या जांभया कमी होत गेल्या. गर्भाला झोप आली किंवा कंटाळा आला असे म्हणण्यास अर्थ नसल्याने, मज्जासंस्थेच्या वाढीशी या जांभयांचा संबंध असावा असे मानले जाते.

मेंदूतील नियंत्रण

जांभईचे मूलभूत नियंत्रण मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या उत्क्रांतिदृष्ट्या प्राचीन भागात असते. मोठ्या मेंदूची वाढ न झालेली अर्भकेही जांभई देतात. मस्तिष्कस्तंभाच्या आघातामुळे ज्यांना स्वेच्छेने तोंड उघडता येत नाही, अशा काही रुग्णांचा जबडा जांभईच्या वेळी पूर्ण उघडतो. पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये याहून विस्मयकारक प्रकार दिसतो. एरवी निश्चल असलेला हात जांभई येताच आपोआप वर उचलला जातो आणि जांभई संपताच खाली येतो. हे पाहून हात बरा होत असल्याची आशा नातेवाइकांना वाटू शकते. पण ती स्वेच्छेने केलेली हालचाल नसते. फ्रेंच वैद्य ऑलिव्हिए वालुसिन्स्की यांनी या लक्षणाचे सविस्तर वर्णन केले आहे.

अधश्चेतकातील एका केंद्रकाला जांभईच्या प्रारंभात महत्त्वाचे स्थान आहे. डोपामीन, ऑक्सिटोसिन आणि ॲसिटिलकोलीन ही रासायनिक द्रव्ये जांभई घडवून आणतात, तर अफूवर्गीय द्रव्ये ती दाबतात. डोपामीनसारखे कार्य करणारे अपोमॉर्फिन दिल्यास प्राण्यांमध्ये व माणसांमध्ये जांभया येऊ लागतात.

मेंदू थंड ठेवण्याची उपपत्ती

ऑक्सिजनची कल्पना मागे पडल्यावर सर्वाधिक चर्चा झाली ती मेंदूच्या तापमानाच्या उपपत्तीची. अमेरिकेतील अँड्र्यू गॅलप व गॉर्डन गॅलप यांनी ती २००७ मध्ये मांडली. जबडा ताणल्याने डोके व चेहरा यांतील रक्तप्रवाह वाढतो, आत घेतलेली थंड हवा तोंड व घशातील रक्त थंड करते आणि त्यामुळे मेंदूचे तापमान किंचित उतरते, असे या उपपत्तीचे सार आहे. झोपेच्या आधी व नंतर शरीराच्या तापमानात बदल होत असल्याने त्या वेळी जांभया का येतात, याचेही उत्तर तिच्यातून मिळते.

त्यांच्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना इतर लोक जांभया देत असल्याची चित्रफीत दाखवण्यात आली. कपाळावर गरम किंवा खोलीच्या तापमानाची पिशवी धरलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांना जांभई आली. थंड पिशवी धरलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. केवळ नाकाने श्वास घेणाऱ्यांना जांभई आलीच नाही. २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म तापमापक बसवून केलेल्या अभ्यासात जांभईच्या आधी तापमान सुमारे ०.१ अंश सेल्सिअसने चढलेले व नंतर उतरलेले दिसले.

ही उपपत्ती खरी असेल तर बाहेरच्या हवेचे तापमान महत्त्वाचे ठरायला हवे. हवा शरीराइतकीच तापलेली असेल तर ती आत घेऊन उपयोग नाही, आणि ती फार थंड असेल तर मेंदूला आणखी थंड करण्याची गरज नाही. म्हणजे मधल्या एका पट्ट्यातच जांभया जास्त असाव्यात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या टुसॉन शहरात १६० पादचाऱ्यांना जांभया देणाऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली. सुमारे २२ अंशांच्या हिवाळ्यात ४५ टक्के लोकांना जांभई आली, सुमारे ३७ अंशांच्या उन्हाळ्यात फक्त २४ टक्के लोकांना. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात चित्र नेमके उलटे होते. तेथे उन्हाळ्याचे तापमान सुमारे २० अंश व हिवाळ्याचे शून्याच्या थोडे वर होते, आणि उन्हाळ्यात जांभया जास्त आल्या. दोन शहरांतील ऋतू परस्परविरोधी असले, तरी दोन्हीकडे अधिक जांभया वीस अंशांच्या आसपासच आढळल्या. या उपपत्तीच्या बाजूने असलेल्या पुराव्यांपैकी हा सर्वांत लक्षणीय म्हणावा लागेल.

मेंदूचा आकार आणि जांभईची लांबी यांचाही संबंध आढळला आहे. १०१ जातींच्या सस्तन प्राणी व पक्ष्यांच्या १,२९१ जांभयांचे मोजमाप २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदू जितका मोठा आणि त्यातील चेतापेशी जितक्या अधिक, तितकी त्या जातीची जांभई लांब असल्याचे त्यातून दिसले.

आक्षेप

स्वित्झर्लंडमधील एड्रियन गुगिसबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सर्व शरीरक्रियात्मक उपपत्तींवर आक्षेप घेतले. तापमानातील बदल अतिशय अल्प असतो आणि जांभईबरोबर घडणाऱ्या इतर बदलांपासून तो वेगळा काढणे कठीण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जांभईने माणूस अधिक जागा होतो, या कल्पनेचीही त्यांनी तपासणी केली होती. पेंगणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदी घेतल्या असता जांभईनंतर जागृती वाढल्याची चिन्हे मिळाली नाहीत. याउलट १९९६ च्या एका अभ्यासात मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधलेल्या व्यक्ती जांभईनंतरच्या पंधरा मिनिटांत अधिक हालचाल करताना आढळल्या होत्या. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे वाटले, तरी एकात मेंदूच्या लहरी आणि दुसऱ्यात शरीराची हालचाल मोजलेली आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

जांभई हा मुळात समूहाला दिलेला संकेत आहे, असे गुगिसबर्ग यांचे मत आहे. आपण सुस्तावलो आहोत हे इतरांना न बोलता कळावे, असे तिचे कार्य ते मानतात. मात्र एकटे असतानाही प्राणी जांभया देतात आणि गर्भाला संकेत देण्यासाठी कोणी श्रोता नसतो. त्यामुळे मूळ क्रिया एका कारणाने उत्क्रांत झाली आणि तिचा सामाजिक उपयोग पुष्कळ नंतर आला, असे अनेक अभ्यासक मानतात. आपोआप येणारी जांभई आणि दुसऱ्याकडून लागणारी जांभई यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे, असे या वादातून पुढे आले आहे.

जांभईची लागण

आपोआप येणारी जांभई जन्माआधीपासून असते, पण दुसऱ्याची जांभई पाहून येणारी जांभई साधारण चार-पाच वर्षांच्या वयापासून दिसू लागते. तान्ह्या बाळासमोर कितीही जांभया दिल्या तरी ते उत्तरादाखल जांभई देत नाही. प्रोव्हाइन यांच्या प्रयोगांत तोंडाचा भाग झाकलेला चेहराही जांभई लावण्यास पुरेसा ठरला, तर केवळ वासलेले तोंड फारसे परिणामकारक ठरले नाही. तोंडावर हात ठेवणे सभ्यतेचे असले, तरी त्याने लागण थांबत नाही. दृष्टिहीन व्यक्तींना जांभईचा आवाज ऐकूनही जांभई येऊ शकते.

लागण होण्याचे कारण सहानुभूती असावी, हा विचार बराच लोकप्रिय आहे. इटलीतील संशोधकांनी दैनंदिन व्यवहारातील निरीक्षणांवरून २०११ मध्ये दाखवले, की नातेवाइकांमध्ये लागण सर्वाधिक होते, त्याखालोखाल मित्रांमध्ये, मग ओळखीच्या लोकांमध्ये आणि अनोळखी लोकांमध्ये सर्वांत कमी. परंतु अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात ३२८ व्यक्तींची तपासणी केली असता सहानुभूतीच्या चाचणीतील गुणांशी ठळक संबंध आढळला नाही. फक्त वयाचा संबंध दिसला, वय वाढेल तशी लागण कमी. आणि वयानेही व्यक्तिव्यक्तींमधील फरकाचा सुमारे ८ टक्के भागच स्पष्ट होत होता. ज्याला जांभई लागत नाही तो माणूस भावनाशून्य, असा जो निष्कर्ष वृत्तपत्रांतून अधूनमधून छापला जातो, त्याला यामुळे आधार उरत नाही. जवळच्या माणसाकडे आपण अधिक लक्ष देऊन पाहतो, एवढ्यानेही आप्तांमधील अधिक लागणीचा उलगडा होऊ शकतो.

प्राण्यांमधील जांभई

कुत्रा, मांजर, घोडा, उंदीर, शहामृग, पोपट अशा अनेक प्राण्यांची जांभई माणसाच्या जांभईशी मिळतीजुळती असते. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या टिपणवहीत कुत्रा, घोडा व माणूस यांच्या जांभईतील साम्याची नोंद करून सर्व प्राण्यांची रचना एकाच मुळावर झाल्याचा विचार मांडला होता. प्रत्येक वासलेले तोंड म्हणजे जांभई मात्र नव्हे. मगर उष्णता कमी करण्यासाठी तोंड उघडून पडून राहते, साप भक्ष्य गिळल्यावर जबडा पूर्ववत बसवतो आणि पाणघोड्याचे उघडलेले तोंड प्रतिस्पर्ध्याला दिलेली धमकी असते.

माकडांच्या काही जातींत जांभईला दोन अर्थ आहेत. बबून व मकाक माकडांचे प्रौढ नर तणावाच्या प्रसंगी सुळे दाखवत जांभई देतात. बबूनच्या या वर्तनाचा उल्लेख डार्विन यांच्या १८७२ च्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथातही आहे. पर्यटनस्थळी समोर बसलेल्या माकडाची जांभई पाहून ते झोपेला आले आहे असे समजून जवळ जाणे धोक्याचे ठरू शकते. पाळीव कुत्राही अस्वस्थ असताना जांभई देतो.

लागण माणसापुरती मर्यादित नाही. २००४ मध्ये जपानमधील सहा प्रौढ चिंपांझी माद्यांना जांभयांची चित्रफीत दाखवली असता दोघींमध्ये लागण स्पष्ट दिसली. त्यांच्या पिल्लांमध्ये ती दिसली नाही, हे मानवी मुलांशी जुळणारे होते. आपल्या कळपातील चिंपांझींच्या जांभया परक्या कळपातील जांभयांपेक्षा अधिक लागतात, असे २०११ मध्ये आढळले. २००८ च्या एका प्रयोगात माणसाची जांभई पाहून २९ पैकी २१ कुत्र्यांनी जांभई दिली. दक्षिण आफ्रिकेतील सिंहांच्या निरीक्षणात, एकाची जांभई दुसऱ्याला लागल्यावर ते दोघे पाठोपाठ एकच हालचाल करण्याची, म्हणजे एक उठला की दुसराही उठण्याची, शक्यता बरीच वाढलेली दिसली. एकत्र शिकार करणाऱ्या प्राण्याला अशा समन्वयाचा उपयोग उघड आहे. लाल पायांच्या कासवांवर केलेल्या प्रयोगात लागण आढळली नाही. त्यासाठी एका कासवाला मागणीनुसार तोंड वासायला कित्येक महिने शिकवावे लागले होते. या अभ्यासाला २०११ चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले.

आयुर्वेद व परंपरा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ या सातव्या अध्यायात, दाबून ठेवू नयेत अशा तेरा नैसर्गिक वेगांमध्ये जृम्भेची गणना केली आहे. ती अडवल्यास शरीर वाकणे, आचके येणे, बधिरता, कंप असे वातविकार होतात असे तेथे सांगितले आहे. योगपरंपरेत पाच उपप्राणांपैकी देवदत्त हा वायू जांभईला कारण मानला जातो. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातही उपप्राणांच्या संदर्भात जांभई, शिंक व ढेकर यांचा उल्लेख येतो.

महाभारताच्या उद्योगपर्वात वृत्रासुर इंद्राला गिळतो, तेव्हा देव जृम्भिका निर्माण करतात. वृत्राने जांभई देताच इंद्र बाहेर पडतो आणि तेव्हापासून जांभई प्राणिमात्रांत वास करू लागते. भागवताच्या दशम स्कंधात बाळकृष्णाच्या जांभईत यशोदेला विश्वदर्शन होते. इस्लामी परंपरेत जांभई सैतानाकडून येते असे मानून ती शक्य तितकी आवरावी असे हदीसमध्ये सांगितले आहे. जांभई येताच तोंडासमोर चुटकी वाजवण्याची किंवा देवाचे नाव घेण्याची चाल महाराष्ट्रात व भारताच्या इतर भागांतही जुन्या पिढीत आढळते. तान्ह्या बाळाच्या जांभईला घरातली मोठी माणसे चुटकी वाजवतात.

वैद्यकीय महत्त्व

वारंवार जांभया येण्याचे सर्वांत सामान्य कारण अपुरी झोप हे आहे. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्यांना रात्रभर झोपूनही दिवसा जांभया येतात. नैराश्यावरील सेरोटोनिन वाढवणारी काही औषधे घेणाऱ्यांना झोप येत नसतानाही जांभयांचा त्रास होतो. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगणे योग्य ठरते. अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन थांबवल्यावर दिसणाऱ्या लक्षणांत जांभईचा समावेश असून त्या लक्षणांची तीव्रता मोजण्याच्या वैद्यकीय श्रेणीत तिला गुण दिले जातात. अर्धशिशीचा झटका येण्यापूर्वी, भोवळ येण्याआधी आणि प्रवासात गाडी लागत असताना जांभया वाढतात. क्वचित प्रसंगी मस्तिष्कस्तंभाच्या विकारांतही त्या अनावर होतात.

मोठ्या जांभईत खालच्या जबड्याचा सांधा निखळून तोंड उघडेच राहण्याचा प्रकारही घडतो. ज्यांचा सांधा आधीपासून सैल आहे त्यांच्यात तो पुन्हापुन्हा घडू शकतो. अशा वेळी जबडा जोराने मिटवण्याचा प्रयत्न केल्यास वेदना वाढतात. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली व मग मागे ढकलून तो जागेवर बसवतात. ज्यांना हा त्रास आहे त्यांना जांभई येताच हनुवटीखाली मूठ टेकवून तोंड मर्यादेपलीकडे उघडू न देण्याचा सल्ला दिला जातो.